अंत्याचं लाकूडफोडी मशीन

हायड्रॉलिक म्हणजे पाणी नव्हे. हे आधी ठळक अक्षरात छापा, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळा. छत्तीस वर्षं मी रत्नागिरीत हायड्रॉलिकची कामं केली आणि लोकांनी मला काय काय बघायला बोलावलं म्हणता? विहिरीवरचे पंप, गच्चीवरच्या गळक्या टाक्या, आणि एकदा तर चक्क एका बंगल्यातलं कारंजं. मी म्हटलं, "अहो, हे माझं काम नाही." तर मालक म्हणतात, "पाटीवर मोठ्ठा हायड्रॉलिक लिवलाय ना तुम्ही? मग पाण्याचा नाय तर कशाचा?" शेवटी ते कारंजं सुरू करून दिलं. करतो काय, त्यांच्याकडचा चहा पिऊन झाला होता.

तर हायड्रॉलिक म्हणजे तेल. तेल कोंडून दाबलं तरी आकसत नाही, बाहेर पडायला वाट शोधतं. त्या वाटेवर आपण एक लोखंडी दांडा ठेवायचा. तेल दांड्याला ढकलतं आणि दांडा पुढे जे काय असेल त्याला ढकलतो. जेसीबीचा हात वर होतो तो असा आणि टिपरचा हौदा उचलला जातो तोही असाच. पंप तेल ढकलतो, व्हॉल्व त्याला कुठे जायचं ते दाखवतो, सिलेंडरमधला दांडा काम करतो, आणि या सगळ्यांची अब्रू एका रबरी सीलच्या हातात असते. सील गेलं की तेल गळतं, तेल गळलं की जोर गेला. एवढंच शास्त्र आहे. यात न समजण्यासारखं काय आहे ते मला अजून समजलेलं नाही.

पण गिऱ्हाईक! देवा रे. बंदरातून एका तांडेलाचा फोन यायचा. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य, आणि विंच म्हणजे जाळं ओढायचं यंत्र. "वसंतशेट, विंच मेला." मी विचारणार, काय होतंय? "होत काय नाय म्हणून तर फोन केलाय!" आवाज येतो का? "कोणाचा?" अरे तुझ्या आजोबांचा! विंचचा! मग मी हत्यारांची पिशवी घेऊन बंदरावर जायचो आणि मासळीच्या पाट्यांवरून उड्या मारत बोटीवर चढायचो. बघतो तर इंजिनाचा पट्टाच तुटून खाली पडलेला. तो तांडेलाला दिसलेला असायचा, पण त्याने तो बाजूला ठेवून दिलेला असायचा, म्हणे पायात येत होता.

आणि चिरेखाणवाले. प्रत्येक हायड्रॉलिक मशीनवर एक रिलीफ व्हॉल्व असतो. दाब प्रमाणाबाहेर वाढला तर तो उघडतो आणि तेल परत टाकीत सोडतो, म्हणजे माणसं वाचतात. त्याला वर एक स्क्रू असतो. हा स्क्रू बघितला की कोकणातल्या माणसाच्या हाताला खाज सुटते. जोर कमी वाटला की पिळ स्क्रू. एका खाणवाल्याने तो इतका पिळला की होस, म्हणजे तेलाचा रबरी पाइप, फुटला आणि तेलाने त्याला आंघोळ घातली. तसाच निथळत माझ्या वर्कशॉपमध्ये आला आणि मलाच ओरडायला लागला. मी विचारलं, स्क्रूला हात लावला होता? "आयच्यान नाय ओ." स्क्रूच्या खाचेत पान्याचे ताजे चकचकीत ओरखडे होते. बरं, स्क्रूला पाना लावायचाच नसतो, पण ते जाऊ दे.

यातून मला एक सवय लागली. गिऱ्हाईक बोलायला लागलं की मी त्याचं वाक्य अर्ध्यात तोडायचो. उरलेलं मला माहीत असायचं, आणि बहुतेक वेळा ते खोटंच असायचं. "वसंतशेट, मी काय म्हणतो, परवापासून..." "परवापासून गळतंय, आणि तुम्ही आज आलात. ठेवा तिथे." वेळ वाचायचा. लोक म्हणायचे, काय माणूस आहे, न सांगता ओळखतो. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. घरातले मात्र म्हणायचे की या माणसाशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान मध्ये बोलत नाही.

आता अंत्याबद्दल. अनंत हा माझा शाळेपासूनचा दोस्त. मी शहरात आलो, तो गावातच राहिला. त्याची पोह्यांची भट्टी आहे. भात कापून झोडून झालं की आसपासच्या वाड्यांतले लोक नवीन भात घेऊन त्याच्याकडे येतात. ते रात्रभर गरम पाण्यात भिजत घालायचं, सकाळी उपसून निथळायचं, मोठ्या कढईत तापलेल्या वाळूत भाजायचं आणि गरम असतानाच चक्कीत दाबायचं. ते लाल पोहे एकदा खाल्लेत तर दुकानातल्या पांढऱ्या कागदाच्या कपट्यांना तुम्ही पोहे म्हणणार नाही. भाजायचं आणि दाबायचं काम सुलभावहिनींचं, म्हणजे अंत्याच्या बायकोचं. कढईखालच्या आगीचं काम अंत्याचं. आग एकसारखी आणि कडक लागते, त्यासाठी लाकूड बारीक फोडलेलं लागतं. जाड ओंडका नुसता धुमसतो आणि पोह्यांना धुराचा वास लागतो. तीस वर्षं अंत्या रोज सकाळी कुऱ्हाड घेऊन अंगणात उभा राहायचा. ऐनाचा गाठाळ ओंडकासुद्धा तो असा फोडायचा की ढलप्या सगळ्या एका मापाच्या.

दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू आला, हात आला नाही, आणि बोलणं अडकलं. म्हणजे डोक्यात सगळं स्वच्छ, पण शब्द तोंडाशी येऊन थांबतो. एक शब्द काढायला त्याला एवढा वेळ लागायचा की मला तेवढ्यात एखादा नट खोलून परत बसवता आला असता. तो पडवीत खाटेवर बसून राहायला लागला. एकदा कोणाला न सांगता डाव्या हाताने कुऱ्हाड घेऊन गेला आणि नडगी जेमतेम वाचली. त्या दिवशी वहिनींनी कुऱ्हाड लपवली आणि मला फोन केला. म्हणाल्या, "भावजी, ह्यांचा काय तरी करा. हे भिंतीकडे तोंड करून बसतात ओ दिवसभर."

मी तेव्हा वर्कशॉप बंद करून चार महिने झाले होते. कोपऱ्यात भंगार पडलं होतंच. छत्तीस वर्षांत लोकांनी न नेलेले, बदलून टाकलेले, विसरून गेलेले भाग. एका मोडीत निघालेल्या जेसीबीचा बकेट सिलेंडर होता, पुढेही ढकलणारा आणि मागेही ओढणारा. बंदरातल्या एका बुडालेल्या बोटीच्या विंचचा गिअर पंप होता. लोडरचा एक व्हॉल्व होता, ज्याचा दांडा सोडला की आपोआप मध्यावर येऊन सगळं थांबतं. बागेत पाणी ओढायचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन अंत्याकडेच होतं. बोटीची जुनी डिझेलची टाकी कापून पंचवीस लिटरची तेलाची टाकी केली. जाड गर्डरच्या एका टोकाला जेसीबीच्या बकेटची पात घासून पाचर वेल्ड केली, दुसऱ्या टोकाला सिलेंडर. मध्ये ओंडका ठेवायचा, व्हॉल्वचा दांडा ओढला की सिलेंडर ओंडक्याला पाचरीवर ढकलतो आणि ओंडका कर्रर्र करत उकलतो. हे सगळं लिहायला एक परिच्छेद लागला, करायला दोन महिने लागले. विंचच्या पंपाचे आटे आणि जेसीबीच्या होसचे आटे जन्मात जमत नाहीत. प्रत्येक जोडाला वेगळा अडॅप्टर. ज्याने हे सगळे निरनिराळे आटे शोधून काढले तो मला भेटला तर मी त्याला माझ्या हाताने चहा पाजीन आणि मग विचारीन, की बाबा रे, का?

व्हॉल्व मी मुद्दाम डावीकडे बसवला. खुर्ची पाचरीपासून एवढी लांब ठेवली की अंत्याने मनात आणलं तरी हात तिथे पोचू नये. वहिनी ओंडके ठेवणार, अंत्या दांडा ओढणार. वैशाखात बसवलं. वाडीतले सगळे बघायला. एकजण म्हणाला, "लईच सावकाश जाता ओ." दुसरा म्हणाला, "त्या स्क्रूनं जोर वाढेल काय?" मी त्याच दिवशी स्क्रूवर लोखंडी टोपी वेल्ड करून टाकली.

पहिला ओंडका फुटला तेव्हा अंत्याने माझ्याकडे बघितलं नाही, ढलपीकडे बघितलं. मग वहिनींना खुणेने सांगून तीच ढलपी परत ठेवायला लावली आणि अजून बारीक केली. त्याला त्याचं माप पाहिजे होतं. त्या दिवसापासून तो भिंतीकडे तोंड करून बसला नाही. मला सांगायला लाज नाही, त्या दिवशी स्कूटरवरून परत येताना मी एकटाच मोठमोठ्याने गात होतो.

आता गेल्या डिसेंबरातली गोष्ट. वहिनींचा फोन. "भावजी, मशीन चालत नाय. इंजिन चालता, पण पंप किंचाळता आणि दांडा हलत नाय. चार घरांचा भिजलेला भात फुकट गेला." भिजलेलं भात थांबत नाही, हे तुम्हाला सांगायला पाहिजे. सकाळी आग मिळाली नाही की दुपारपर्यंत त्याला आंबूस वास येतो. चार घरांचं वर्षाचं पोह्यांचं भात गेलं. वहिनींनी स्वतःच्या कणगीतलं भात काढून त्यांना दिलं.

मी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. पंप किंचाळतो तेव्हा त्याला तेल मिळत नसतं, हे मी झोपेतही सांगेन. टाकीचं झाकण उघडलं, तेल काठोकाठ. म्हणजे टाकी आणि पंप यांच्यामधला पाइप हवा ओढत असणार. अंत्या शेजारी उभा होता. माझी बाही ओढून म्हणाला, "खो… खो…"

"खोलतोय रे बाबा, खोलतोयच!" मी म्हटलं आणि पाइप खोलला. नवीन घातला. मशीन चालू केलं. लोण्यासारखं चाललं. मी हात झटकले. "पाइप गेला होता," वहिनींना सांगितलं, आणि वर एक लांबलचक भाषण दिलं की पाइपाला आतून चिरा कशा पडतात. वहिनींनी लाल पोहे केले, ओलं खोबरं घालून. खाल्ले आणि आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. "भावजी, परत तसाच."

मी चडफडत निघालो. पोचायला परत दहा-साडेदहा. सुरू केलं तर पहिल्यांदा थोडं कुरकुरलं आणि मग चाललं. आता हे मशीन माझी टिंगल करतंय असं मला वाटायला लागलं. चालू असलेल्या मशीनचा रोग शोधणं म्हणजे डॉक्टरकडे पोचल्यावर ज्याचं दुखणं थांबतं त्या माणसाला तपासण्यासारखं. तरी मी माघार घेतली नाही. पंप संशयित म्हणून दुसरा पंप घेऊन आलो होतो, तो चढवला. त्यात तीन तास. अंत्या सारखा आजूबाजूला. "ते… ते… खो…"

"तेल बघितलं मी. भरलेलं आहे. तू बस बघू तिकडे."

तो बसला नाही. डाव्या हाताने माझा शर्ट धरून स्वयंपाकघराकडे ओढायला लागला. मी म्हटलं, "चहा नको आता, अंत्या! काम करू दे मला!" चांगलाच ओरडलो. त्याने शर्ट सोडला. वहिनी चक्कीवरून बघत होत्या. खोबऱ्याचा वास येत होता तो मला आठवतो. वहिनी घरच्या नारळांचं तेल घरीच काढतात, मला वाटलं घरात तेल कढवायला ठेवलंय.

मी पंप बसवून हात धूत होतो तेव्हा त्या जवळ आल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, "भावजी, राग मानू नका. टेम्पोवाला फोडलेली लाकडा आणून टाकतो म्हणतोय. उद्या सकाळी चालला तर चालला, नायतर मी त्याला सांगते. लोकांचा भात आहे ओ, मी किती जणांना तोंड देऊ?"

मी म्हटलं, दुपारी चालतं तर दुपारीच का फोडून ठेवत नाही? "दुपारी गोळीनं ह्यांना गुंगी येते. मी चक्कीवर. कोण फोडणार?"

यात त्यांचं काहीच चुकत नव्हतं. पण टेम्पो आला की अंत्या परत पडवीत, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. अंत्या लांबून आमच्याकडे बघत होता. त्याने ऐकलं असणार. झटक्याने त्याचं बोलणं नेलं होतं, कान नाही.

त्या दिवशी घरी आलो तो डोकं फिरल्यासारखा. छत्तीस वर्षं! आणि स्वतःच्या हाताने बनवलेल्या मशीनचा रोग मला सापडत नाही! पहाटे उठून बसलो तेव्हा कुठे डोक्यात आलं की हे मशीन फक्त सकाळी बिघडतं आणि मी ते सकाळी एकदाही बघितलेलं नाही. एवढी साधी गोष्ट. तसाच स्वेटर चढवून निघालो. आमच्याकडे थंडी ती काय, पण गावाखालच्या ओढ्यावर धुकं साचलं होतं आणि स्कूटरवर बोटं आखडली होती.

साडेसहाला त्याच्या अंगणात पोचलो. अंत्या खुर्चीत येऊन बसलेला होताच. मी सरळ टाकीचं झाकण फिरवलं.

आत पांढरं.

साफ पांढरं, थिजलेलं, मध्ये मध्ये तेलाचे पिवळट डाग. मी बोट घातलं तर खड्डा पडला. "वहिनी!" मी ओरडलो. "टाकीत डालडा कोणी ओतला?" बोट नाकाशी नेलं आणि वास आला. आईशप्पथ सांगतो, मला माझी मुंज आठवली. खोबरेल! घरचं, शुद्ध, सुगंधी खोबरेल. सकाळच्या गारव्यात ते थिजायचं, टाकीतल्या जाळीवर लोण्यासारखं बसायचं, पंपाला तेल मिळायचं नाही आणि तो किंचाळायचा. अकरा वाजता ऊन टाकीवर आलं की वितळून शहाण्यासारखं तेल व्हायचं. आणि मी त्याच वेळी हजर होऊन पाइप बदलत होतो.

वहिनी माझी हाक ऐकून बाहेर आल्या त्या हातात वाटी घेऊन. वाटीत कोमट केलेलं तेल होतं. तोच वास.

"ही कसली वाटी?" मी विचारलं.

"ह्यांचा हात चोळायला. डॉक्टरांनी रोज चोळायला सांगितलाय ना. मी चोळत होते, पण गणपतीपासून हे मला हात लावू देत नायत. स्वतः चोळतो म्हणतात, डाव्या हातानं." मग त्यांनी टाकीत डोकावून बघितलं. वाटीकडे बघितलं. अंत्याकडे बघितलं. "अहो," त्या म्हणाल्या, "रोज?"

अंत्या खाली बघत होता.

रोज एक वाटी. गणपतीपासून डिसेंबरपर्यंत. टाकीत निम्मं माझं तेल आणि निम्मं त्याच्या हाताचं. वहिनींनी वाटी चिऱ्यावर ठेवली आणि त्याचा उजवा हात मांडीवरून उचलला. कातडी कोरडी, पांढरट, मनगटाशी भेगा पडलेली. "म्हणजे चोळलाच नाय?" त्या म्हणाल्या. "एक दिवस पण नाय?" आणि पदराने डोळे पुसता पुसता त्याला शिव्या द्यायला लागल्या. अशा शिव्या मी बंदरातसुद्धा ऐकल्या नव्हत्या.

मलाही तोंड सुटलं. "अक्कल आहे का तुला? खोबरेल घालतात का हायड्रॉलिकमध्ये? तेल कमी होत होतं तर मला सांगायला काय धाड भरली होती?"

"सां… सां…"

"सांगता येत नव्हतं तर खूण करायची! वहिनींना..."

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जरा गप बसा. बोलू दे त्यांना."

मला असं आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी गप बसलो. अंत्याने श्वास घेतला. त्याच्या गळ्याची शीर फुगली, ओठ हलले, काही आलं नाही. माझ्या तोंडात त्याची पाच वाक्यं तयार होती. मी दात दाबून धरले.

"तू… म्हणालास," अंत्या म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. भट्टीवर कोंबडं चढलं, वहिनींनी ते हाकललं नाही. "क… कटकट केली… तर… भंगारात… घालीन."

मला आठवेना. मग आठवलं. मशीन बसवलं त्या दिवशी, वाडीतल्या दहा माणसांनी दहा सल्ले दिल्यावर, निघताना मी म्हटलं होतं, "आणि ऐका, फोन करून कटकट केलीत ना, तर कापून भंगारात घालीन." हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचो. मशीन देताना चावी द्यावी तसं हे वाक्य द्यायचो. लोक हसायचे. दहा दिवसांनी फोन करायचेच. छत्तीस वर्षांत एकाही माणसाने ते खरं मानलं नव्हतं.

अंत्याने मानलं. त्याला गमावण्यासारखं होतं म्हणून मानलं. गणपतीच्या दिवसांत सिलेंडरच्या तोंडाशी त्याला पहिला थेंब दिसला आणि त्याने तो मला कळू नये म्हणून कापडाने पुसला. दुसऱ्या दिवशी परत पुसला. मग जेवढं गळतं तेवढं रोज भरायला सुरुवात केली. त्याच्या हातात येणारं तेल एकच होतं, ते त्याने घातलं.

आणि थेंब का आला, तेही सांगतो, नाहीतर ही सगळी हकिकत अंत्याच्या वेडेपणाची वाटेल. सिलेंडर जुना होता. मी तो खोललेला, आतलं सील बघितलं, बोटाने दाबलं, मऊ वाटलं आणि परत तेच बसवलं. गिऱ्हाइकाच्या मशीनला मी असं कधी केलं नसतं. दोस्ताच्या मशीनला केलं. घरचंच आहे, चालतंय, बघू पुढे. चार घरांचं भात, वहिनींच्या कणगीतलं भात आणि अंत्याचा हात, हे सगळं त्या एका "चालतंय"वर गेलं. दोन दिवस मी पाइप आणि पंपावर संशय घेत होतो, स्वतःवर एकदाही घेतला नाही.

तेवढं अंत्याला सांगितलं. सरळ सांगितलं, माझी चूक आहे म्हणून. तो हसला. तोंड एका बाजूनेच हसतं आता.

मग काम. टाकी रिकामी केली, डिझेलने धुतली, जाळी गरम पाण्यात उकळली. सिलेंडर खोलला. नवीन सील पिशवीत होतंच, तीन मापांची घेऊन फिरतो मी. सीलला एका बाजूला पातळ ओठ असतो, तो तेलाकडे तोंड करून बसवायचा. उलटा बसला तर सील असून नसल्यासारखं. मी सील हातात घेतलं आणि मग अंत्याच्या हातात दिलं. का दिलं ते विचारू नका. थेंब पहिल्यांदा त्याला दिसला होता, परत दिसला तर त्याला फोन करायची गरज पडू नये, असं काहीतरी डोक्यात होतं.

माझं हे दहा मिनिटांचं काम. अंत्याने सिलेंडरचं तोंड गुडघ्यांत धरलं, डाव्या हाताने सील दुमडलं, ते निसटून मातीत पडलं. वहिनींनी धुऊन दिलं. परत दुमडलं. परत निसटलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसलो. खरंच सांगतो, मांड्यांखाली. तिसऱ्यांदा सील खाचेत गेलं आणि मला दिसलं, ओठ बाहेर. उलटं! माझ्या घशापर्यंत "उलटं!" आलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी खोकलो. अंत्याने अंगठ्याने सीलची कड चाचपली. थांबला. परत चाचपली. नखाने सील बाहेर काढलं, फिरवलं आणि नीट बसवलं. पाऊण तास लागला. पाऊण तासात मी जेवढा घामाघूम झालो तेवढा अख्खा विंच उतरवतानाही झालो नव्हतो.

नवीन तेल भरलं. इंजिन चालू केलं. अजून नऊ वाजायचे होते, टाकी गारच होती. वहिनींनी आंब्याचा ओंडका ठेवला. अंत्याने दांडा ओढला. पंप गुणगुणला, ओंडका पाचरीवर चढला आणि मधोमध उकलला. अंत्याने ढलपी बघितली, खुणेने परत ठेवायला लावली. दहा ओंडके झाल्यावर मी सिलेंडरच्या तोंडाखाली कागद धरला. कोरडा.

वहिनी भट्टी पेटवायला गेल्या. दुपारी टेम्पोवाल्याचा फोन आला तो त्यांनी माझ्यासमोर उचलला आणि सांगितलं, लाकडा नकोत. मग अंत्यासमोर पाटावर बसल्या, वाटी घेतली, त्याचा उजवा हात मांडीवर घेतला आणि कोपरापासून चोळायला सुरुवात केली. त्याने हात मागे घेतला नाही. मी हत्यारं पिशवीत भरत होतो. एवढा वेळ मी एक शब्द बोललो नव्हतो, आणि ते त्यांच्या आत्ता लक्षात आलं असावं.

"काय ओ भावजी," चोळता चोळता त्यांनी विचारलं, "आज आवाज नाय तो तुमचा? बरा वाटत नाय काय?"

मी तोंड उघडलं. अंत्याने डावा हात वर करून मला थांबवलं.

"ऐ… ऐ…" तो म्हणाला. वहिनींचा हात थांबला. मीही थांबलो. "ऐ… ऐकतोय तो."